डोसिमेट्रिस्ट व्हायचं असेल तर आधी त्या अंधाऱ्या खोलीत दोन दिवस बसून या

गेल्या दिवाळीत एकाच आठवड्यात मला दोघींनी एकच प्रश्न विचारला. पहिली माझी भाची, कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मावशी, तू करतेस तेच मला करायचंय. कुठला कोर्स लावू?" दुसरी इथलीच, ओहायोतली. मंडळाच्या फराळाला भेटली. पुण्याची बी.एस्सी., नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामुळे इथे आलेली आणि चार वर्षं घरात बसून पार कंटाळलेली. भाचीला मी म्हटलं, हे करू नकोस. मंडळातल्या बाईंना म्हटलं, जरूर करा. भाची अजून थोडी रुसलेली आहे, म्हणून दोघींना जे तुकड्या-तुकड्यात सांगितलं ते एकदा नीट लिहून काढते.

आधी डोसिमेट्रिस्टचं, म्हणजे माझं, काम काय ते. सांगलीला माहेरी माझी ओळख अजून "अमेरिकेत एक्स-रे काढते" अशी करून देतात. ज्यांना रेडिएशनची थोडी माहिती आहे त्यांना वाटतं, मी कर्मचाऱ्यांना किती रेडिएशन लागलं ते नोंदणारे, छातीवर लावायचे टीएलडी बिल्ले मोजते. दोन्ही चूक. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन द्यायचं ठरलं की आधी त्याचा सीटी स्कॅन होतो, त्याला सिम्युलेशन म्हणतात. तो स्कॅन माझ्या संगणकावर येतो. फुप्फुसं, हृदय, मज्जारज्जू, लाळग्रंथी, मूत्राशय, जे जे जपायचं ते मी स्कॅनच्या एकेका चकतीवर, म्हणजे शरीराच्या आडव्या कापावर, आखते. गाठ कुठपर्यंत धरायची ते डॉक्टर आखतात आणि किती डोस, किती दिवसांत, तेही तेच लिहून देतात. मग किरण कुठल्या कोनातून, कुठल्या आकारात, किती जोराने सोडायचे म्हणजे गाठीला पुरता डोस बसेल आणि शेजारच्या अवयवांना कमीत कमी लागेल, हे बसवायचं काम माझं. त्याला प्लॅन म्हणतात. डॉक्टर तो मंजूर करतात, फिजिसिस्ट तपासतो, थेरपिस्ट मशीनवर प्रत्यक्ष देतो. पेशंट मला क्वचितच भेटतो, पण त्याच्या आतड्यांची वळणं मला तोंडपाठ असतात.

हे सोपं वाटतं कारण सॉफ्टवेअर खूप काही करतं. पण अवघड जागा नेहमी तीच असते, गाठ अवयवाला चिकटलेली. माझा मामा मिरजेला घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेत होता, २००३ साली. बरा झाला, पण पुढे जन्मभर पाण्याच्या घोटाशिवाय त्याला भाकरीचा घास गिळता आला नाही. तेव्हाच्या पद्धतीत दोन बाजूंनी समोरासमोर किरण सोडत आणि दोन्ही लाळग्रंथी वाटेतच यायच्या. आज मी तसाच पेशंट बसवते तेव्हा गाठीला ७० ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं माप) द्यायचे असतात, ३५ दिवसांत. त्याच वेळी लाळग्रंथींची सरासरी २५ ग्रेच्या आसपास ठेवायची आणि मज्जारज्जूचा कुठलाही बिंदू ४५ ते ५० च्या वर जाऊ द्यायचा नाही. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, तोकड्या पांघरुणासारखं. दुपारभर एका लाळग्रंथीचे तीन ग्रे कमी करत बसणं ज्याला कंटाळवाणं वाटेल, त्याने पगाराचा आकडा वाचून इकडे येऊ नये.

भारतातल्यांसाठी: ही खुर्चीच तिथे वेगळी आहे

भाचीला नाही म्हणण्याचं कारण साधं आहे. डोसिमेट्रिस्ट हा स्वतंत्र हुद्दा मुख्यतः अमेरिकेतला. भारतात प्लॅन करतात ते मेडिकल फिजिसिस्ट. मशीनची मोजमापं, तपासणी आणि बहुतेक ठिकाणी रेडिएशन सुरक्षेची जबाबदारीही त्यांच्याकडेच. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांप्रमाणे पात्र फिजिसिस्ट आणि रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय रेडिओथेरपीचं मशीन चालवता येत नाही. म्हणजे नवं मशीन बसलं की ही माणसं लागणारच. आणि मशीन्स आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. बार्शीला आहेत, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, कोल्हापूर-नाशिकला आहेत.

ज्याचं एम.एस्सी. फिजिक्स होतंय त्याच्यासमोर तिथे सरळ वाट आहे. मुंबईत बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, १९६२ पासून चालू असलेला. त्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी आतापासून कर, असं मी भाचीला सांगितलं. डिप्लोमानंतर मान्यताप्राप्त हॉस्पिटलात वर्षभराची इंटर्नशिप आणि मग सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. दुसरी वाट एम.एस्सी. मेडिकल फिजिक्सची. तिथे एकच तपासणी करायची: तो अभ्यासक्रम एईआरबीच्या अटींत बसतो का, आणि इंटर्नशिपची जागा कॉलेज देतं की "तुमची तुम्ही शोधा" म्हणतं. दुसरं उत्तर आलं तर फॉर्म भरू नका.

बारावीनंतर लगेच या क्षेत्रात यायचं असेल तर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची पदवी आहे. ती मशीन चालवणाऱ्याची वाट. काम पेशंटच्या सोबतीचं, उभ्याने करायचं. चांगलं काम आहे, पण "आधी टेक्नॉलॉजिस्ट होते, मग तिथूनच प्लॅनिंगला सरकते" असा हिशेब भारतात धरू नये.

भाचीचा पुढचा प्रश्न होता, "मग अमेरिकेत येऊन फिजिसिस्टच होते की!" येता येतं, पण इथे २०१४ पासून फिजिसिस्टच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर मान्यताप्राप्त रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, लागते, आणि खरी गर्दी त्या रेसिडेन्सीच्या दारात होते. पदवी घेऊन बाहेर पडलेले सगळे आत मावत नाहीत. हे माहीत असून यायचं तर जरूर यावं.

अमेरिकेत असाल तर

इथलं डोसिमेट्रिस्टचं प्रमाणपत्र म्हणजे सीएमडी (सर्टिफाइड मेडिकल डोसिमेट्रिस्ट), ते एमडीसीबी नावाचं बोर्ड देतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची सहकारी थेरपिस्ट होती, खात्यातच बसून प्लॅनिंग शिकली आणि परीक्षा देऊन मोकळी झाली. ते दार आता बंद आहे. २०१७ पासून परीक्षेला बसायचं तर दोन गोष्टी हव्यात: बॅचलर पदवी, आणि जेआरसीईआरटी या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला, किमान बारा महिन्यांचा डोसिमेट्रीचा अभ्यासक्रम. "आमच्याकडे चिकटा, शिकवू" असं एखाद्या क्लिनिकने कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी तिथून परीक्षेच्या हॉलपर्यंत रस्ता जात नाही.

बॅचलर पदवी हा शब्द आपल्यासाठी धोक्याचा. माझी बी.एस्सी. तीन वर्षांची. इथल्या काही मूल्यांकन संस्था ती इथल्या पदवीच्या बरोबरीची मानतात, काही नुसती "तीन वर्षांचं कॉलेज" असं लिहून देतात. मी अर्ज करायच्या आधी ज्या संस्थेकडून मूल्यांकन करून घेतलं, ती नेमकी त्या अभ्यासक्रमाला चालत नव्हती. पैसे गेले, एक वर्ष गेलं. तेव्हा आधी अभ्यासक्रमाच्या प्रवेश विभागाला ईमेल करून विचारा की कुणाचा अहवाल चालेल, आणि मगच मार्कशीट मागवायला विद्यापीठाच्या खिडकीवर भावाला उभं करा. (माझ्या भावाने त्या खिडकीवर चार खेपा घातल्या. चौथीला तिथला कारकून त्याला चहा विचारायला लागला.)

पूर्वतयारीचे विषय साधारण सगळीकडे तेच: फिजिक्सची दोन सत्रं, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, बीजगणित-त्रिकोणमिती किंवा त्यापुढचं गणित, वैद्यकीय परिभाषा. फिजिक्स आपलं झालेलं असतं, शरीररचना नसते. मी ती कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात केली, वीस वर्षांच्या पोरांच्या मध्ये बसून. नुसती पास होण्यापुरती करू नका. सीटीच्या चकतीवर अन्ननलिका कुठे संपते आणि जठर कुठे सुरू होतं हे डोळ्यांना आपोआप दिसायला लागलं पाहिजे. फिजिक्सवाल्यांचा पाय इथेच घसरतो. उलट थेरपिस्ट म्हणून काम केलेल्यांना शरीर माहीत असतं आणि गणिताची धास्ती असते. दोन्हीकडून आलेले लोक मी पाहिलेत. वर्ष संपेपर्यंत कोण कुठून आला ते ओळखूही येत नाही.

अभ्यासक्रम किती? फार नाहीत, आणि एकेका तुकडीत मुलं मोजकीच. ला क्रॉसचं विस्कॉन्सिन विद्यापीठ मास्टर्स देतं, त्यात वर्ग ऑनलाइन आणि क्लिनिकचं काम प्रत्यक्ष. ह्यूस्टनला एमडी अँडरसनची स्वतःची शाळा आहे. कार्बनडेलचं सदर्न इलिनॉय आहे, मिशिगनमध्ये ग्रँड व्हॅली स्टेट आहे. कुठे पदवी, कुठे मास्टर्स, कुठे नुसतं प्रमाणपत्र. ज्याच्याकडे आधीच पदवी आहे त्याला नोकरीच्या बाजारात मास्टर्सने थोडं बळ येतं, पण पगाराच्या पाकिटात मोठा फरक माझ्या पाहण्यात नाही. पाकीट सीएमडीवर ठरतं.

आता ऑनलाइन हा शब्द. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-वनमुळे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना शिकायला बंदी नाही, ऑनलाइनही चालतं. पण भारतातून विद्यार्थी व्हिसावर यायचं असेल तर पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-वन (तोच विद्यार्थी व्हिसा) मिळत नाही, कारण त्या व्हिसावर प्रत्येक सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्ण वेळेच्या हिशेबात धरतात. अर्ज करण्याआधी कॉलेजला सरळ विचारा: "तुम्ही या अभ्यासक्रमासाठी आय-ट्वेंटी देता का?" (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा कागद.) उत्तर नाही असेल तर पुढचं माहितीपत्रक वाचण्यात वेळ घालवू नका.

आणि शिक्षण झालं तरी नोकरीची परवानगी हा वेगळा प्रश्न. एच-फोरवर काम करायचं तर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतं. २०१५ पासून ते मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे त्यांना मिळतं. मंडळातल्या बाईंना मी पहिला प्रश्न हाच विचारला. त्यांचा मंजूर होता, म्हणून मी इतक्या जोरात हो म्हटलं. नसता तर सूर जरा खाली आला असता. हॉस्पिटलने एच-वन करायचं तर विद्यापीठाशी जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं एच-वनच्या लॉटरीतून सुटतात, हा एक दिलासा. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली आणि सगळ्यांचे हिशेब बदलले. या बाबतीत माझ्यावर विसंबू नका, वकिलाची तासाची फी भरा.

शाळा निवडताना नाव बघू नका, हॉस्पिटल बघा

माझं सगळ्यात महाग शिक्षण इथे झालं. मला जे क्लिनिक मिळालं तिथे एकच मशीन होतं. माणसं प्रेमळ, पण येणारे पेशंट बहुतेक स्तन, प्रोस्टेट आणि हाडांतल्या दुखण्यासाठीचे. सहा महिन्यांत घशाचा पेशंट माझ्या हाताखालून गेला दोनदा. ब्रॅकीथेरपी, म्हणजे शरीराच्या आतून द्यायचं रेडिएशन, शून्य. शेवटी मीच कोऑर्डिनेटरच्या मागे लागून दुसऱ्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात आठ आठवडे मागून घेतले. रोज सव्वा तास गाडी चालवली, आणि जे काही येतं ते त्या आठ आठवड्यांत आलं.

म्हणून मुलाखतीत शाळेने तुम्हाला प्रश्न विचारून झाले की तुम्ही त्यांना हे विचारा. क्लिनिकची जागा कोण शोधतं? तिथे वर्षाला किती नवे पेशंट येतात, मशीन्स किती? डोकं-मान, फुप्फुसाचं एसबीआरटी (थोड्या दिवसांत मोठे, नेमके डोस), मेंदू, ब्रॅकी, यांतलं काय काय तिथे होतं? प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर कुठलं, एक्लिप्स, मोनॅको की रेस्टेशन? (एक नीट आलं की दुसरं महिन्याभरात येतं, तेव्हा एवढ्यावरून जागा नाकारू नका.) आणि सगळ्यात महत्त्वाचं: विद्यार्थी खऱ्या पेशंटचा प्लॅन सुरुवातीपासून स्वतः करतो की मागे उभं राहून बघतो? हा प्रश्न शाळेला विचारून भागत नाही, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याला गाठून विचारावा लागतो. गोड उत्तर आलं की पुढचा प्रश्न: "तुम्ही स्वतः किती प्लॅन केलेत, डोकं-मानेचे किती?" आकडा चटकन सांगता आला पाहिजे. आम्ही सगळे वहीत नोंदी ठेवतो.

मान्यताप्राप्त शाळांना तीन आकडे जाहीर करावे लागतात: परीक्षेत पहिल्याच खेपेला किती पास, किती जणांना बारा महिन्यांत नोकरी, प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी कोर्स पुरा केला. टक्केवारी शंभर दिसली की आधी मुलं किती होती ते बघा. पाचपैकी पाच म्हणजेही शंभर टक्केच. मी तिसऱ्या आकड्याला जास्त मान देते. मधूनच सोडणारे जास्त असतील तर तिथे काहीतरी बिनसलेलं असतं.

नोकऱ्यांचं खरं चित्र

पगार चांगला आहे, लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकी कामगार खात्याच्या आकडेवारीत डोसिमेट्रिस्टचं मधलं वार्षिक वेतन १ लाख ३० हजार डॉलरच्या वर गेलंय, मशीनवरच्या थेरपिस्टपेक्षा बरंच जास्त. पण हे क्षेत्र लहान आहे. अख्ख्या देशात आमची संख्या काही हजारांत. म्हणजे तुम्हाला राहायचंय त्याच गावात जागा निघेल याची खात्री नाही. पहिल्या नोकरीसाठी राज्य बदलायची तयारी नसेल तर शिक्षणाचं कर्ज काढण्याआधी घरात बसून हे बोलून घ्या. आमच्या घरात ते बोलणं फी भरल्यावर झालं, आणि नवरा दीड वर्ष शनिवार-रविवारचा पाहुणा झाला.

कोविडनंतर घरून प्लॅनिंग करण्याच्या नोकऱ्या खूप निघाल्या, जाहिराती बघून सगळ्यांच्या डोळ्यांत चमक येते. त्या बहुतेक अनुभवी माणसांसाठी असतात. नव्याने घरून करूही नये असं माझं मत आहे. डॉक्टर खुर्चीमागे उभे राहून "इथला डोस का सांडलाय?" असं बोट ठेवतात, तेव्हा जे कळतं ते स्क्रीन शेअर करून कळत नाही. दोन-तीन वर्षं खात्यात बसा. सिम्युलेशनच्या टेबलावर पेशंटचा खांदा किती दुखतो हे एकदा पाहिलं की हात वर करून झोपवायचे प्लॅन तुम्ही जरा जपून सुचवता.

एआयचं काय, हे आता प्रत्येक जण विचारतो. अवयव आखण्याचं काम त्याने खरोखरच हातातून घेतलंय. जिथे पूर्वी डोकं-मानेचे अवयव आखायला माझा तास-दीड तास जायचा, तिथे आता मशीनने आखलेलं तपासून सुधारायला वीस मिनिटं लागतात. साधे प्लॅनही ते बरे करतं. मला त्याची भीती वाटत नाही, पण "आखायला बरं जमतं" एवढ्यावर करिअर उभं राहील असं आता कुणी धरू नये. नकार द्यायला यावं लागतं, म्हणजे संगणकाने सुबक दिलेला प्लॅन पाहून "हा या पेशंटला चालणार नाही" हे सांगता येणं.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. रेडिएशनचे दिवस कमी कमी होत चाललेत. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी पंचवीस दिवस लागायचे, मग पंधरा-सोळा झाले, आता काही पेशंटांना पाचात उरकतात. मशीनवरचं काम दिवसांवर मोजलं जातं, आमचं पेशंटवर. पाच दिवसांचा असला तरी प्लॅन एक लागतोच, आणि दर दिवसाचा डोस मोठा म्हणून तो जास्त काटेकोर लागतो. त्यात आता रोजच्या रोज प्लॅन बदलणारी मशीन्स आलीत. म्हणून पुढची दहा वर्षं मला आमच्या खुर्चीची फारशी काळजी वाटत नाही. त्यापुढचं कुणी विचारलं तर मी चहा टाकायला उठते.

प्रमाणपत्र मिळालं की संपलं असंही नाही. दर पाच वर्षांत पन्नास क्रेडिट्सचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. हॉस्पिटल त्याची फी देतं का, हे नोकरीच्या बोलणीत विचारून घ्या. मी पहिल्या वेळी लाजले आणि खिशातून भरले.

सुरुवात कुठून करायची

अर्जापासून नाही. जवळच्या हॉस्पिटलच्या रेडिएशन ऑन्कॉलॉजी खात्याला फोन करा आणि म्हणा, डोसिमेट्रिस्टच्या शेजारी दोन दिवस बसून बघायचंय. शॅडोइंग म्हटलं की कळतं त्यांना. बऱ्याच शाळा याचे तास मागतातही. पहिल्या फोनला नाही म्हणतील, तिसऱ्याला लसीकरणाचे कागद मागतील. कागद मागितले की काम झालं समजा.

जमलं तर त्यातला एक दिवस शुक्रवारचा घ्या. सकाळी खोली शांत असते, दिवे मंद, दोन-तीन माणसं पडद्यात डोकं घालून. गप्पा नाहीत. आणि मग दुपारी तीनच्या सुमाराला वरच्या मजल्यावरून फोन येतो: पाठीच्या मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबतेय, पेशंटचे पाय लुळे पडायला लागलेत, आजच सुरू करायचंय. तासाभरात स्कॅन, आखणी, प्लॅन, तपासणी, सगळं. तीस ग्रे दहा दिवसांत, किंवा आठ ग्रे एकदाच. त्या तासात कुणी ओरडत नाही, फक्त खुर्च्या जरा पुढे सरकतात. मंडळातल्या बाई आमच्याकडे बसायला आल्या तेव्हा नेमका असा शुक्रवार निघाला. साडेचारला पेशंट मशीनवर गेला. बाईंनी डबाही उघडला नव्हता. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, कम्युनिटी कॉलेजात शरीररचनेचे वर्ग कधी सुरू होतात.